विश्लेषण : कमी इंधनात जास्त ताकद... रुडॉल्फ डिझेल यांचे आयुष्य जुन्या बोटींच्या इंजिनाबद्दल काय सांगते?

ज्यांच्या नावाचे इंधन जगभरातल्या बोटी रोज जाळतात, ते रुडॉल्फ डिझेल १९१३ मध्ये एका वाफेच्या बोटीवरून रातोरात बेपत्ता झाले. इंधनाचा प्रत्येक थेंब कामाला लागावा, यासाठी त्यांनी आयुष्यातली वीस वर्षे घालवली. आज कोकण किनाऱ्यावर मासेमारी नौकेच्या फेरीचा हिशेब मांडताना डिझेलचा खर्च सर्वात आधी समोर येतो आणि इंजिन जुने झाले की तो वाढतच जातो. जुन्या इंजिनाची ताकद आणि बचत कशी परत मिळवायची, याचे उत्तर बरेचसे या संशोधकाच्या धडपडीत दडलेले आहे. कसे, याविषयी...

रुडॉल्फ डिझेल कोण होते?

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील थिओडोर पुस्तकबांधणीचे आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचे काम करत. घरची परिस्थिती बेताचीच होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले. पॅरिसमध्ये जर्मन कुटुंबांना राहणे अशक्य झाले आणि डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईने जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे नातेवाईकांकडे शिकायला पाठवले. ज्यांच्या घरी तो राहिला, ते क्रिस्टोफ बार्निकेल गणिताचे शिक्षक होते.

मुलगा हुशार निघाला. ऑग्सबर्गच्या शाळेत तो पहिला आला आणि शिष्यवृत्ती मिळवून म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. शीतकरण यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेले कार्ल फॉन लिंडे तिथे त्याला शिकवत होते. टायफॉइडमुळे त्याची अंतिम परीक्षा हुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे सुल्झर कंपनीच्या कारखान्यात हाताने काम केले आणि १८८० मध्ये तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. नंतर लिंडे यांच्याच कंपनीसाठी पॅरिसमध्ये बर्फाची यंत्रे उभारण्याचे काम त्याला मिळाले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी विवाह झाला. पुढे तीन मुले झाली. नोकरी स्थिर होती, पण डोक्यात मात्र वेगळेच यंत्र फिरत होते.

वाफेच्या इंजिनावर त्यांचा आक्षेप काय होता?

लिंडे यांच्या वर्गात विद्यार्थिदशेतच डिझेल यांना एक गोष्ट खटकली होती. त्या काळी कारखाने, आगगाड्या आणि जहाजे वाफेवर चालत. पण कोळशातल्या एकूण उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के, अनेकदा त्याहूनही कमी उष्णता प्रत्यक्ष कामात उतरत असे. बाकीची धुराड्यातून आणि थंड पाण्यातून वाया जात होती. फ्रेंच अभियंते सादी कार्नो यांनी त्याआधी अर्धशतकापूर्वी उष्णतेच्या यंत्राची तात्त्विक मर्यादा मांडली होती. ती मर्यादा आणि प्रत्यक्षातले इंजिन यांतली दरी किती मोठी आहे, हे डिझेल यांना दिसले आणि ती कमी करायचीच, असे त्यांनी ठरवले.

यामागे आणखी एक विचार होता. वाफेचे इंजिन मोठे असेल तरच परवडते. बॉयलर, कोळसा, तो ओढणारी माणसे हा खर्च लहान कारागिराला झेपत नाही. त्यामुळे मोठे कारखाने वाढत होते आणि सुतार, विणकर, घड्याळजी यांसारखे छोटे धंदे मागे पडत होते. लहान आकारातही कमी इंधनात चालणारे इंजिन मिळाले तर या छोट्या माणसाला टिकून राहता येईल, असे डिझेल यांना वाटत होते. पुढे १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारावर आधारित समाजरचनेबद्दल एक पुस्तकही लिहिले. त्याला फारसे वाचक मिळाले नाहीत.

स्पार्क प्लगशिवाय इंधन पेटते कसे?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हा अनुभव अनेकांना असतो. हवा दाबली की तापते. डिझेल यांच्या कल्पनेचा पाया हाच. सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, पिस्टनने ती इतकी दाबायची की ती लालबुंद लोखंडासारखी तापेल आणि मगच त्यात इंधन सोडायचे. इंधन आपोआप पेटते. ठिणगीची गरज उरत नाही.

याचा फायदा दुहेरी आहे. एक म्हणजे हवा जितकी जास्त दाबली जाते, तितका ज्वलनानंतर वायूला प्रसरण पावायला वाव मिळतो आणि उष्णतेचा मोठा हिस्सा पिस्टन ढकलण्यात खर्च होतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेले असल्यामुळे फार दाब दिला तर मिश्रण अवेळी पेटते. डिझेलमध्ये ती भीती नाही. दुसरे म्हणजे रॉकेल किंवा त्याहून जड, स्वस्त तेलही त्यात जाळता येते.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्यांनी जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले आणि आपला सिद्धांत मांडणारे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. ऑग्सबर्गचा यंत्र कारखाना, म्हणजे आजच्या ‘एमएएन’ कंपनीचा पूर्वज, आणि पोलादसम्राट क्रुप यांनी प्रयोगांचा खर्च उचलण्याचे मान्य केले.

कागदावरचे गणित कुठे अडले?

डिझेल यांच्या मूळ मांडणीत हवेवर वातावरणाच्या अडीचशे पट दाब द्यायचा होता. शिवाय जळताना तापमान वाढू नये इतक्या बेताने इंधन सोडायचे होते. कागदावर हे सुंदर दिसत होते. पण असे इंजिन बनवले तर त्याची जवळजवळ सगळी ताकद स्वतःचीच हवा दाबण्यात आणि घर्षणात संपून जाईल, हे लवकरच त्यांच्याही लक्षात आले. त्यांनी दाब बराच खाली आणला आणि ज्वलनाची पद्धतही बदलली. मूळ सिद्धांत आणि प्रत्यक्ष यंत्र यांतल्या या फरकावरून त्यांचे विरोधक आयुष्यभर त्यांना डिवचत राहिले.

ऑगस्ट १८९३ मध्ये पहिले प्रयोग-इंजिन बाहेरून पट्ट्याने फिरवून पाहण्यात आले. इंधन सोडताच ते पेटले आणि दाब एवढा उसळला की तो मोजणारे उपकरणच फुटून उडाले. इंजिन स्वतःच्या बळावर फिरले नाही, पण केवळ दाबाने इंधन पेटते एवढे सिद्ध झाले. फेब्रुवारी १८९४ मध्ये सुधारित इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चालले. तेही जेमतेम एक मिनिट.

पुढची तीन वर्षे गेली ती बारीकसारीक दुरुस्त्यांत. पिस्टनच्या कडेने हवा निसटत होती. झडपा नीट बसत नव्हत्या. सर्वात अवघड प्रश्न होता इंधन आत सोडण्याचा. दाबलेल्या हवेत तेलाची धार सोडून भागत नाही. ते धुक्यासारखे फुटून हवेत मिसळावे लागते, नाहीतर काळा धूर आणि काजळी. त्या काळी इतका दाब देणारे अचूक पंप नव्हते. अखेर इंजिनावरच वेगळा कॉम्प्रेसर बसवून त्यातल्या हवेच्या झोताने इंधन आत फवारण्याचा मार्ग निघाला. तो जड होता, इंजिनाची काही ताकद खाऊन टाकत होता, पण त्याने काम झाले.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. मिनिटाला १५४ फेऱ्यांवर इंजिनाने सुमारे १८ अश्वशक्ती दिली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णता कामात उतरली. एका अश्वशक्तीसाठी तासाला पाव किलोहूनही कमी रॉकेल लागले. त्या वेळच्या कोणत्याही इंजिनासाठी हा आकडा थक्क करणारा होता.

यश मिळूनही ते अडचणीत का आले?

चाचणीनंतर पैशांचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतील मद्य उद्योजक अडॉल्फस बुश यांनी अमेरिकेसाठीचे हक्क दहा लाख मार्क देऊन घेतले. १८९८ मध्ये पेटंटांचे व्यवहार पाहण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीने डिझेल यांच्याकडील हक्क ३५ लाख मार्कांना विकत घेतले. चाळिशीतच ते लक्षाधीश झाले. म्युनिकमध्ये त्यांनी राजेशाही बंगला बांधला.

पण प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे इंजिन आणि गिऱ्हाइकाच्या कारखान्यात रोज राबणारे इंजिन यांत फरक असतो. केम्प्टेन येथील काडेपेटीच्या कारखान्यात बसवलेल्या सुरुवातीच्या इंजिनाने खूप त्रास दिला. ठिकठिकाणच्या परवानाधारकांकडून तक्रारी येऊ लागल्या. डिझेल यांनी ऑग्सबर्गमध्ये काढलेला स्वतःचा कारखाना चाललाच नाही. डोकेदुखी आणि निद्रानाश यांनी ते इतके खचले की त्यांना काही काळ आरोग्यधामात राहावे लागले. त्या काळात इंजिन सुधारण्याचे किचकट काम ऑग्सबर्गमधील इमानुएल लाउस्टर यांच्यासारख्या अभियंत्यांनी पुढे नेले.

दुसरीकडे जमिनींच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत डिझेल यांचा पैसा बुडत गेला. इंजिनात जाणाऱ्या इंधनाचा ग्रॅमपर्यंत हिशेब ठेवणारा हा माणूस स्वतःच्या व्यवहारात मात्र गळती थांबवू शकला नाही.

बोटींपर्यंत हे इंजिन कसे पोहोचले?

सुरुवातीची डिझेल इंजिने घराएवढी उंच आणि जड होती. मोटारीत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. जिथे वजनाचे फारसे बिघडत नाही आणि इंधन वाचले की थेट कमाई वाढते, अशी जागा म्हणजे पाण्यावरचे वाहन.

१९०३ मध्ये फ्रान्समधील कालव्यातल्या ‘पेती पिएर’ या मालवाहू बोटीत २५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवण्यात आले. त्याच वर्षी रशियात नोबेल बंधूंच्या कंपनीची ‘वांदाल’ ही तेलवाहू बोट व्होल्गा नदीच्या जलमार्गावर उतरली. तिच्यात १२० अश्वशक्तीची तीन इंजिने होती. त्या वेळी डिझेल इंजिन उलटे फिरवता येत नसे, मग बोट मागे घ्यायची कशी? यावर तोडगा म्हणून इंजिनाने वीज बनवायची आणि त्या विजेवरच्या मोटरने पंखा फिरवायचा, अशी योजना करण्यात आली. काही वर्षांतच दोन्ही दिशांना फिरणारी सागरी इंजिने तयार झाली आणि पाणबुड्यांनीही डिझेल स्वीकारले.

खरी खळबळ उडवली ती डेन्मार्कच्या ‘सेलांदिया’ने. कोपनहेगनच्या बुरमाइस्टर अँड वाइन कंपनीने बांधलेले हे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९१२ मध्ये बँकॉकच्या सफरीवर निघाले. त्यात प्रत्येकी १२५० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने होती आणि धुराडे नव्हतेच. कोळशाची कोठारे नाहीत, भट्टीत फावड्याने कोळसा लोटणाऱ्या कामगारांचा ताफा नाही, वाचलेली जागा मालासाठी मोकळी. ब्रिटनचे तत्कालीन नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी लंडनमध्ये ते जहाज आवर्जून पाहिले. समुद्रावरचे वाफेचे राज्य संपणार, याची ती नांदी होती.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री काय घडले?

ज्या काळात इंजिनाचा बोलबाला वाढत होता, त्याच काळात डिझेल यांच्यावर टीकाही वाढत होती. नोव्हेंबर १९१२ मध्ये जर्मनीतील जहाजबांधणी तज्ज्ञांच्या संस्थेसमोर त्यांनी आपल्या इंजिनाच्या जन्माची हकीकत मांडली. तिथेच काही प्राध्यापकांनी शोधाचे श्रेय त्यांचे कितपत, असा प्रश्न उभा केला. ही हकीकत पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. घरची आर्थिक स्थिती तोवर पार ढासळली होती.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून इंग्लंडमधील हारविचला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीवर चढले. लंडनमध्ये इंजिन कंपनीची बैठक होती. सोबत बेल्जियममधील उद्योजक जॉर्ज कारेल्स आणि एक अभियंता होते. जेवण झाले, डेकवर फेरफटका झाला आणि रात्री दहाच्या सुमारास डिझेल आपल्या खोलीत गेले. पहाटे सव्वासहाला उठवायला त्यांनी सांगितले होते. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कुणी झोपलेले नव्हते. त्यांची टोपी आणि ओव्हरकोट डेकच्या कठड्याजवळ नीट ठेवलेले सापडले.

काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू डिझेल यांच्याच असल्याचे त्यांचा मुलगा ऑयगेन याने ओळखले. वय होते ५५. त्यांच्या रोजनिशीत त्या तारखेसमोर एक फुली काढलेली आढळली. निघण्यापूर्वी त्यांनी पत्नीकडे दिलेल्या बॅगेत रोख रक्कम आणि रिकाम्या झालेल्या खात्यांचे कागद होते. अनेक अभ्यासक ही आत्महत्या मानतात. घातपाताच्या कथाही शंभर वर्षे चालू आहेत, पण त्यांना ठोस पुरावा मिळालेला नाही. ‘ड्रेस्डेन’ ही वाफेवर चालणारी बोट होती. जे तंत्र त्यांनी कालबाह्य ठरवले, त्याच्याच पाठीवर त्यांचा शेवटचा प्रवास झाला.

त्यांच्यानंतर इंजिनाची ताकद कशी वाढली?

डिझेल यांना न सुटलेले दोन प्रश्न पुढच्या पिढीने सोडवले. पहिला प्रश्न फवाऱ्याचा. जर्मनीत रोबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंधनाचा अचूक दाबपंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. मग हवेचा अवजड कॉम्प्रेसर काढून टाकता आला. इंजिने लहान झाली आणि ट्रक, ट्रॅक्टर, लहान बोटी यांच्यात मावू लागली.

दुसरा प्रश्न हवेचा. सिलिंडरमध्ये जेवढी हवा, तेवढेच इंधन पूर्ण जळू शकते. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्येच एक कल्पना मांडली होती. धुराबरोबर वाया जाणाऱ्या ऊर्जेवर एक चक्र फिरवायचे आणि त्याने जास्तीची हवा सिलिंडरमध्ये कोंबायची. हाच टर्बोचार्जर. १९२६ मध्ये ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांत तो वापरला गेला. त्याच आकाराच्या इंजिनाची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. आजच्या मोठ्या जहाजांची मंदगती डिझेल इंजिने इंधनातली निम्म्याहून किंचित अधिक उष्णता कामात उतरवतात.

जुन्या इनबोर्ड इंजिनाला यातले काय लागू होते?

इनबोर्ड म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेले इंजिन. ते जुने झाले की ताकद कमी होते आणि डिझेल जास्त जाते. अशा वेळी पंपाचा स्क्रू पिळून इंधन वाढवण्याचा मोह होतो. पण हवा तेवढीच असेल तर वाढवलेले इंधन फक्त धूर, काजळी आणि जास्तीची उष्णता देते. डिझेल यांनी ऑग्सबर्गमध्ये ज्या गोष्टींसाठी तीन-चार वर्षे झगडा दिला, त्याच आधी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट दाब. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले की दाबलेली हवा निसटते. हवा पुरेशी तापत नाही. इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही आणि पांढरा धूर सोडते. हा पांढरा धूर म्हणजे न जळलेले इंधन. निळसर धूर दिसला तर इंजिन ऑइल जळत असल्याचा संशय घ्यावा. प्रत्येक सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी केली तर नेमका दोष कळतो.

दुसरी गोष्ट फवारा. नोझल झिजले किंवा त्यात कचरा अडकला की धुक्याऐवजी थेंब पडतात. इंधनात पाणी असेल तर नोझल आणि पंप दोन्ही लवकर खराब होतात. त्यामुळे फिल्टर आणि पाणी वेगळे करणारा बाउल वेळेवर साफ ठेवणे, नोझल-पंप वर्कशॉपमध्ये यंत्रावर तपासून घेणे आणि इंधन सोडण्याची वेळ कंपनीने सांगितल्याप्रमाणे जुळवणे, एवढ्यानेही फरक पडतो.

तिसरी गोष्ट हवा. इंजिनाची खोली बंद आणि तापलेली असेल तर गरम, विरळ हवा आत जाते. बुजलेला एअर फिल्टर किंवा काजळीने अरुंद झालेला सायलेन्सर पाइप इंजिनाचा श्वास कोंडतो. टर्बो असेल तर त्याचे चक्र आणि हवा थंड करणारा कूलर स्वच्छ हवा. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाला तो नंतर जोडणे सोपे नाही. पिस्टन, बेअरिंग, तेल आणि पाण्याची व्यवस्था वाढीव ताकद पेलणारी लागते. ते पाहिल्याशिवाय जोडलेला टर्बो इंजिनाचे आयुष्यच कमी करतो.

चौथी गोष्ट तापमान. इंजिन तापू नये म्हणून काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यामुळे इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, ज्वलन अर्धवट होते आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट काढण्याआधी पाणी का पुरत नाही, हे शोधले पाहिजे. बहुतेकदा कारण कूलरमध्ये साचलेले क्षार किंवा झिजलेला पाण्याचा पंप असते.

पंखा आणि वेग यांचा काय संबंध?

इंजिन ठणठणीत असूनही डिझेल जास्त जात असेल तर दोष पाण्याखाली असू शकतो. पंखा एका फेऱ्यात बोटीला किती पुढे ढकलू पाहतो, याला पिच म्हणतात. पिच गरजेपेक्षा जास्त असेल तर इंजिन उंच गिअरमध्ये चढ चढणाऱ्या ट्रकसारखे धापा टाकते आणि काळा धूर सोडते. चाचणी सोपी आहे. नेहमीचा भार असताना पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनाने कंपनीने ठरवलेल्या फेऱ्या गाठल्या पाहिजेत. त्या गाठता येत नसतील आणि इंजिनात दोष नसेल, तर पंखा जड आहे किंवा बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटले आहेत, असे समजावे. वाकलेल्या पात्याचा पंखाही ताकद खातो.

वेगाचे गणित तर आणखी बोलके आहे. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीत पंख्याला लागणारी ताकद साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, मिनिटाला १८०० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती लागते. फेऱ्या दहा टक्क्यांनी कमी करून १६२० वर आणल्या, तर सुमारे ७३ अश्वशक्तीत भागते. वेग दहा टक्के कमी होतो आणि ताशी इंधनाची गरज जवळपास चौथ्या हिश्शाने घटते. बंदर गाठायला थोडा जास्त वेळ लागतो, हे धरले तरी तेवढ्याच अंतरासाठी सुमारे एक पंचमांश इंधन वाचू शकते. यासाठी एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही.

छोट्या माणसाचे इंजिन अखेर कुठे पोहोचले?

डिझेल यांना छोट्या कारागिरासाठी इंजिन हवे होते. त्यांच्या हयातीत ते गेले मोठ्या कारखान्यांत, युद्धनौकांत आणि जहाजांत. छोट्या माणसापर्यंत ते पोहोचले, पण उशिरा आणि दूरच्या देशांत. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढच्या काळात विहिरीवरचे डिझेल इंजिन महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. कोकणात शिडाच्या होड्यांची जागा हळूहळू इंजिनाच्या नौकांनी घेतली.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. ज्या प्रदेशात खनिज तेल नाही, तिथल्या लोकांना आपल्याच शेतातल्या तेलावर यंत्र चालवता येईल, अशी शक्यता डिझेल यांना पुढेही महत्त्वाची वाटत राहिली. जैवइंधनाच्या आजच्या चर्चेत तो प्रयोग हमखास आठवला जातो.

पावसाळी मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, बूड खरवडले जाते, रंग लागतो. इंजिनाच्या तपासणीसाठीही हाच काळ सोयीचा. रिंगा, नोझल, फिल्टर, कूलर आणि पंखा यांवर तेव्हा केलेला खर्च पुढच्या हंगामात डिझेलच्या बिलातून वसूल होऊ शकतो. हवा निसटू द्यायची नाही, इंधन धुक्यासारखे फोडायचे, पुरेशी हवा द्यायची आणि इंजिनावर झेपेल तेवढेच ओझे टाकायचे. १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या त्या पहिल्या इंजिनाला जे लागू होते, ते तीस वर्षे जुन्या नौकेच्या इंजिनालाही तसेच लागू आहे.